म्हैस हरवल्याची बातमी

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरी माळ्याला शिडी लागते. वर्षभर ज्यांची कुणाला आठवण नसते अशा वस्तू आठ दिवसांत एकेक करून खाली येतात, उन्हात पडतात, सगळ्यांना शिंका आणतात आणि त्यांतल्या निम्म्या पुन्हा वर जातात. उरलेल्या निम्म्यांचा निकाल रद्दीवाला लावतो. वाचकहो, तुमच्या घरी याहून काही वेगळे घडत असेल असे मला वाटत नाही. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमची साफसफाई उरकलेलीही असेल, म्हणजे मला सांगायचे ते सांगायला उशीरच झाला. तरी सांगतो. माळा पुढच्या वर्षी आहेच.

गेल्या दिवाळीत आमच्याकडे चार मंडळी फराळाला जमली होती. त्यांत मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक होते. माणूस विद्वान, वयाने मला वडील, आणि माझ्या मनात त्यांच्याविषयी जो आदर आहे तो हा लेख लिहून झाल्यावरही राहील. बोलता बोलता मी म्हणालो की तालुक्याच्या गावी, खेड्यापाड्यांत निघणारी जुनी वर्तमानपत्रे आता पाहायलाही मिळत नाहीत. त्यांचे कुणीतरी काहीतरी केले पाहिजे. प्राध्यापकांनी चकली मोडली आणि म्हणाले, "अहो, काय करायचंय त्यांचं? त्यांत असायचं तरी काय? पाटलाची म्हैस हरवली आणि मामलेदारसाहेबांना पानसुपारी झाली! महाराष्ट्राचं मन घडलं ते 'केसरी'त, 'सुधारका'त, 'ज्ञानप्रकाशा'त. बाकी सगळा चिवडा!" हातात चिवड्याचीच बशी असल्यामुळे कोटी चांगली साधली. सगळे हसले. मीही हसलो.

त्या हसण्याची मला वर्षभर लाज वाटत आली आहे. प्राध्यापक निदान मनापासून बोलले होते. मी मात्र हसलो तो गप्प बसता यावे म्हणून. त्यांनी जे तोंडाने म्हटले ते मी चाळीस वर्षांपूर्वी हाताने करून चुकलो होतो.

आमचे मूळ गाव नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, नेवासे तालुक्यातले. आजोबा कुलकर्णी वतनाचे. जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावी निघणारे एक साप्ताहिक त्यांच्याकडे टपालाने येई. त्याचे नाव मी सांगत नाही. संपादकांचे नातू-पणतू अजून नांदते आहेत आणि मला त्यांच्याशी भांडण नको. आजोबांनी १९१५ पासून पुढली वीसेक वर्षे ते अंक जपून ठेवले होते, वर्षावर्षाचे गठ्ठे सुतळीने बांधून. लहानपणी सुटीत गावी गेलो की दुपारी आजी मला त्यांतला एखादा अंक काढून वाचायला लावी. तिला स्वतःला वाचता येत नव्हते. मी वाचू लागलो की ती डोळे मिटून ऐके आणि मध्येच म्हणे, "हां, ही त्या वाण्याची थोरली. पुढं वाच." मला त्यांतले काही कळत नसे. तिला सगळे कळे.

१९८१ साली वाड्याच्या वाटण्या झाल्या. माळा रिकामा करण्याचे काम माझ्याकडे आले, कारण भावंडांत शिकलेला असा मीच. मी पदवीधर होतो. काय राखावे आणि काय टाकावे याची मला जाण आहे असा घरच्यांचा समज होता, आणि दुर्दैवाने माझाही. मी एक ब्लेड घेतले, अंक चाळले आणि त्यांतले 'महत्त्वाचे' अग्रलेख कापून काढले. महायुद्धावर एक, माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवर दोन, गोलमेज परिषदेवर तीन-चार. बाकीचे अंक रद्दीवाल्याच्या तराजूत घातले. त्या पैशांत मुलांना फुलबाज्या आणल्या, एवढे मला पक्के आठवते.

पुढे पुष्कळ वर्षांनी ते अग्रलेख मी सवडीने वाचले आणि कपाळाला हात लावला. लंडनच्या परिषदेविषयी बाजारपेठेच्या गावच्या संपादकाला पुण्याच्या पत्रांतून जेवढे कळले तेवढेच त्यांत होते. कुठे कुठे वाक्येही तीच असावीत, असा मला दाट संशय आहे. म्हणजे जी मजकुराची मूळ प्रत पुण्यात बांधून ठेवलेली आहे, तिची नक्कल मी राखली. आणि जगात दुसरीकडे कुठेही छापले गेले नव्हते ते सारे मी विकले. कात्रणांच्या मागच्या बाजूला अर्ध्या तुटलेल्या ओळी आहेत. 'कोंडवाड्यातील जनावरांचा लिला—', 'जोंधळा रुपयास—', 'वर्गणीदारांस विनं—'. आज मी त्या मागच्या बाजूच वाचीत बसतो.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते प्राध्यापकांना पटेपर्यंत मी सांगणार आहे. स्थानिक वर्तमानपत्राचा खरा ऐवज म्हणजे म्हैस हरवल्याची बातमी. अग्रलेख ही त्यांतली सर्वांत कमी मोलाची वस्तू.

कोंडवाड्याचेच घ्या. १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाविषयीचा कायदा झाला. मोकाट गुरे कोंडवाड्यात घालायची, मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवून न्यायची, आणि मुदतीत कुणी आले नाही तर लिलाव. लिलावाची यादी पत्रात येई. आता एखाद्या वर्षी ही यादी दोन ओळींची आहे आणि एखाद्या वर्षी अर्धा रकाना भरून गेली आहे. का बरे? गुरे काय त्याच वर्षी जास्त वांड झाली? छे! त्या वर्षी चारा नव्हता. सोडवून आणायचे तर दंड जनावराच्या किमतीपेक्षा वर जातो आणि घरी आणून खायला काय घालणार? म्हणून मालक आलाच नाही. १९१८ च्या सालात पावसाने दगा दिला आणि वर मानमोडीची साथ आली. सरकारी अहवालात त्याचे आकडे मिळतात. पण अमक्या गावच्या माणसाने आपली गाय ओळख न दाखवता लिलावात जाऊ दिली, हे अहवालात कुठून सापडणार? ते या यादीत सापडते, आणि तेही तशी यादी दहा वर्षांची एकापुढे एक लावली तर. एका अंकाने काही कळत नाही. म्हणून फाईल लागते, आणि फाईल म्हटली की आपण तिच्यातून 'निवडक' काढायला बसतो!

किंवा शेवटच्या पानाच्या तळाशी असलेली ती बारीक टाइपातली ओळ पाहा: हे पत्र अमक्यांनी अमक्या गावी अमक्या छापखान्यात छापून तेथेच प्रसिद्ध केले. ही काही संपादकाची हौस नव्हती. १८६७ च्या कायद्याने मुद्रकाला आणि प्रकाशकाला मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन प्रतिज्ञापत्र करावे लागे आणि नावगाव छापावे लागे. या एका ओळीवरून छापखाना कधी हलला, मालक कधी बदलला, संपादक आणि मुद्रक एकच माणूस कधी झाला, म्हणजेच पगारी माणूस ठेवण्याची ऐपत कधी संपली, ते सारे कळते. वर्गणीदारांना केलेल्या विनवण्या तर मला कादंबरीसारख्या वाटतात. आधी 'कृपा करून', मग 'व्ही. पी. परत करू नये', मग नावांची यादी छापण्याची धमकी, आणि शेवटी कागद महागल्यामुळे चार पानांची दोन पाने. खेड्यातल्या छापखान्यात शिशाचे खिळे पुरेसे नसत. देवनागरीला जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या धरून शेकडो निरनिराळे खिळे लागतात. एक पान छापून झाले की खिळे सोडवून पुन्हा घरांत टाकायचे आणि मग पुढचे पान जुळवायचे. एखादा खिळा झिजला की पुढले सहा महिने ते अक्षर प्रत्येक पानावर लंगडते. आमच्या साप्ताहिकातला 'ळ' असा लंगडा होता. माझ्या अक्षरओळखीत तो तसाच बसल्यामुळे शाळेत मी 'ळ' बरीच वर्षे वाकडा काढी.

ज्यांना आपण चिवडा म्हणतो, तो इंग्रज सरकार मात्र दर आठवड्याला चवीने खात असे, हेही प्राध्यापकांच्या कानावर घालायला हवे. मुंबई इलाख्यात १८६८ च्या सुमारापासून देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा सरकारसाठी तयार होई. त्यासाठी अनुवादक नेमलेले असत. पत्राचे नाव, गाव, किती दिवसांनी निघते, संपादकाचे नाव, त्याची जात, त्याचे वय, किती प्रती खपतात, हे सारे तक्त्यात भरले जाई. ठाण्याचा 'अरुणोदय', साताऱ्याचा 'शुभसूचक', सोलापूरचा 'कल्पतरू', धुळ्याचे 'खानदेश वैभव', नगरचा 'न्यायसिंधु' अशी ही पत्रे. यांतल्या पुष्कळांचा खप काही शेकड्यांच्या पलीकडे नसे. पण रस्ता नाही, फौजदार लाच खातो, पाटाचे पाणी मिळत नाही, असली कुरकुर साहेब टिपून घेई, कारण राज्य कुरकुरीवरून कळते हे त्याला ठाऊक होते. ते गोषवारे मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत नीट राखलेले आहेत. याचा अर्थ काय झाला? आपल्या आजोबांनी काय तक्रार केली होती ते आज आपल्याला साहेबाच्या इंग्रजीतून परत मराठीत आणावे लागते, आणि तेही साहेबाला जेवढे कामाचे वाटले तेवढेच. म्हैस साहेबानेही गाळली.

आता तरवडीचे सांगतो.

तरवडी हे नेवासे तालुक्यातले खेडे. पुणे नाही, नगर नाही, तालुक्याचे गावसुद्धा नाही. 'दीनमित्र' हे साप्ताहिक २३ नोव्हेंबर १९१० रोजी सोमठाणे या खेड्यात सुरू झाले आणि नंतर तरवडीहून निघू लागले. संपादक मुकुंदराव पाटील. त्यांचे जन्मदाते वडील कृष्णराव भालेकर. पुण्यात १८७७ साली 'दीनबंधू' काढणारे सत्यशोधक ते हेच. मुकुंदराव तरवडीच्या पाटील घराण्यात दत्तक आले आणि पत्र काढायला शहरात न जाता खेड्यातच बसले. वर्ष कोणते, तर ज्या १९१० सालात नव्या प्रेस कायद्याने छापखाना काढणाऱ्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत जामीन मागण्याचा अधिकार सरकारने घेतला तेच. वाचक कोण, तर पुढच्याच वर्षीच्या शिरगणतीत सबंध हिंदुस्थानात शंभरांत जेमतेम सहा माणसे साक्षर निघाली; शेतकऱ्यांत किती असतील ते आपणच ताडावे. वाचता येत नाही त्यांच्यासाठी, जिथे काही मिळत नाही तिथून, सरकारचा डोळा असताना पत्र काढायचे, याला शहाणा माणूस वेड म्हणेल. हे वेड १९६७ पर्यंत, म्हणजे मुकुंदरावांच्या मृत्यूच्या वर्षापर्यंत, सत्तावन्न वर्षे टिकले. 'ज्ञानप्रकाश' १९५१ साली बंद पडला होता!

मुकुंदरावांचे 'कुलकर्णी लीलामृत' १९१३ चे. ओव्यांत लिहिलेली ही टर आहे आणि तिचा नायक म्हणजे गावचा दप्तरदार कुलकर्णी, लेखणीच्या एका फटक्याने शेतकऱ्याला नागवणारा. म्हणजे आमचे आजोबा. तेव्हा 'दीनमित्र' आमच्या घरात येण्याची सोय नव्हती, हे सांगायला नको. पण आजी हळूच सांगे, की आजोबा चावडीत दार लोटून तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचीत आणि घरी आले की त्यांचे जेवणात लक्ष नसे. आजोबांविषयी मला जिव्हाळा आहे. त्यांच्या साप्ताहिकात कुलकर्णी हा गावाचा आधार होता. 'दीनमित्रा'त तो गावाचा जाच होता. दोन्ही पत्रे एकाच तालुक्यात, एकाच पावसात, एकाच टपालाने येत होती. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, आणि ती का गेली हे आजोबांचे एकट्याचे पत्र वाचून मला कधीच कळले नसते. पुण्याच्या फायलींतूनही कळले नसते, कारण त्या फायली लिहिणारे बव्हंशी आमच्याच आजोबांचे सोयरे.

गेल ऑम्व्हेट या अमेरिकेत जन्मलेल्या विदुषीने महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर १९७६ साली इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. त्या कामासाठी त्यांनी 'दीनमित्रा'सारखी पत्रे बारकाईने वाचली. सातासमुद्रांपलीकडून एक बाई आली, मराठी शिकली आणि खेड्यातले पत्र वाचीत बसली. त्यानंतर पाच वर्षांनी, त्याच तालुक्यात जन्मून, मी ब्लेड घेऊन बसलो होतो. यावर मी आणखी काही लिहीत नाही.

एवढे वाचून कुणी म्हणेल, की ही पत्रे म्हणजे गंगाजल होते असा तुमचा दावा दिसतो. मुळीच नाही. कित्येक पत्रे निव्वळ भांडणासाठी निघाली. एकाने सोसायटीची निवडणूक हरल्यावर पत्र काढायचे, दुसऱ्याने त्याला उत्तर म्हणून काढायचे, आणि दोघांचे पैसे संपले की गावात शांतता व्हायची. 'तुमची भानगड छापू का?' असे विचारून वर्गणी वसूल करणारे संपादक होते. जाहिरातीपुरते सत्कार छापणारे होते. धातुपौष्टिक गोळ्यांवर तर अर्धे पत्र चाले. हे सारे मला मान्य आहे. पण दस्तऐवज सज्जन माणसाचाच जपायचा असा नियम केला, तर पेशव्यांच्या दप्तरातले किती कागद उरतील ते इतिहासकारांनी सांगावे. खोटे बोलणाऱ्या पत्राचाही उपयोग असतो. त्या गावात काय खोटे खपत होते ते त्यावरून समजते.

ग्रंथालये काय करतात, असेही विचारतील. उरलेली कात्रणे आणि आजोबांच्या पोथ्यांत सापडलेले पाच-सहा सुटे अंक घेऊन मी एका मोठ्या ग्रंथालयात गेलो होतो. तिथल्या गृहस्थांनी मला आदराने बसवले, चहा पाजला आणि सांगितले की वर्ष पूर्ण नसेल तर नोंद करता येत नाही. मी म्हणालो, "वर्ष पूर्ण असतं तर मी तुमच्याकडे हात जोडत आलो असतो का?" ते हसले. पुढे त्यांनीच कपाटातला एक बांधीव खंड दाखवला. बांधणीवाल्याने कडा सारख्या करताना बाहेरचा जाहिरातींचा रकाना अर्धा छाटला होता. गृहस्थ म्हणाले, "मजकूर सगळा आहे, बरं का." त्यांचा दोष नाही. मजकूर कशाला म्हणायचे हे त्यांना आमच्या प्राध्यापकांसारख्यांनीच शिकवलेले.

१९५४ चा ग्रंथ-समर्पणाचा कायदा १९५६ साली वर्तमानपत्रांना लागू झाला, त्यामुळे त्यानंतरच्या पत्रांना निदान कायद्याचे छत्र तरी आले. त्याआधीच्यांना आपले माळे हेच छत्र. माझा पुतण्या म्हणतो, "काका, आता सगळं स्कॅन होतं, चिंता कशाला?" स्कॅन जरूर व्हावे. पण त्या यंत्राखाली ठेवायला कागद लागतो, आणि तो फुलबाज्यांत गेला.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. यंदा माळा काढताना आजीची पत्र्याची ट्रंक खाली आली. तळाला वर्तमानपत्राचा एक कागद अंथरलेला होता. वाकडा 'ळ' पाहिला आणि मी तिथेच जमिनीवर बसलो. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, निदान पुसून तरी घ्या!" मी ऐकले नाही. अंकाची तारीख फाटून गेली आहे. पानाच्या उजव्या रकान्यात, खरोखर, एक म्हैस हरवली आहे. शेजारच्या गावची. शिंगे मागे वळलेली, डाव्या कानाला चीर, दुसरे वेत. पत्ता सांगणारास दोन रुपये इनाम. आणि लगेच खाली संपादकांची टीप: सदर म्हैस हरवली नसून सावकाराच्या हुकूमनाम्यात जप्त झाली असल्याचे एका जबाबदार गृहस्थाने कळविले आहे, दुसऱ्याचे म्हणणे असे की जप्तीच्या भीतीने मालकानेच ती सासुरवाडीला नेऊन बांधली व मग हरवल्याचे छापविले. सविस्तर खुलासा पुढील अंकी.

१९०८ च्या दिवाणी कायद्यात शेतकऱ्याची अवजारे आणि शेतीला लागणारी गुरे यांना जप्तीतून सूट आहे. बैलाला तिथे सरळ आसरा मिळतो. दुभत्या म्हशीविषयी मात्र वकिलांना भांडायला भरपूर जागा होती. तेव्हा ही म्हैस हरवली, नेली की लपवली, यावर त्या घरच्या पोरांचे दूध आणि त्या गावातले कर्ज, दोन्ही अवलंबून होते.

त्या पानाची प्रत काढून मी प्राध्यापकांना पाठवली, वर एक शब्दही न लिहिता. आठ दिवसांनी त्यांचे पोस्टकार्ड आले. हस्ताक्षर आता थोडे थरथरते. एकच ओळ होती: 'म्हशीचे पुढे काय झाले ते ताबडतोब कळवावे.'

पुढचा अंक मी १९८१ साली विकला, हे मी त्यांना अजून कळवलेले नाही.